आळणी ताट

दशैंच्या, म्हणजे आमच्या नेपाळी दसऱ्याच्या, टिळ्याच्या दिवशी माणूस कोऱ्या कपाळाने फिरत असेल, तर एक तर त्याच्या घरात कोणी गेलेलं असतं, नाहीतर त्याचं सगळ्या भावकीशी वाजलेलं असतं. मला बघून लोक दुसराच अर्थ काढत होते. काढू देत, म्हटलं. खरा अर्थ कोणाला कळू नये म्हणूनच तर आम्ही तिघं निघालो होतो.

दशैंच्या सातव्या दिवशी, फुलपातीच्या दुपारी, काठमांडूहून फोन आला होता. माझ्या मितच्या मामाचा. मित अरबात कामाला होता. रात्री जेवून झोपला तो सकाळी उठलाच नाही. मामा आधी एवढंच बोलला. मग म्हणाला, "कचेऱ्या सगळ्या बंद आहेत. पौर्णिमा झाल्याशिवाय त्याला आणता येत नाही. तोवर ताईला सांगू नका रे. दोन वर्षं तिने कोणाच्या कपाळाला हात लावलेला नाही. एवढा एक टिळा लावू दे तिला."

मी बरं म्हणालो. फोन ठेवल्यावर मला मामाचा राग आला, मग मितचा आला. मेलेल्या माणसाचा राग येतो, हे मला माहीत नव्हतं.

मितचं नाव मी घेत नाही. लहानपणी आम्हा दोघांना एकाच महिन्यात ताप चढला, दोघंही वाचलो. जोशीबाजे म्हणाले, यांचा ग्रह एक आहे, मित लावून टाका. तो छेत्री, मी मगर, पण मित लावायला जात आड येत नाही. त्यांच्या अंगणात आम्हाला समोरासमोर बसवलं, टिळे लावले, टोप्यांची अदलाबदल केली. त्याची टोपी मला मोठी होत होती, डोळ्यांवर यायची. तेव्हापासून मी त्याचा मित, तो माझा मित, आणि त्याची आई माझी मितआमा. मित गेला तर सख्ख्या भावासारखं सुतक धरायचं, मीठ सोडायचं, टिळा घ्यायचा नाही, हेही त्याच दिवशी ठरलं होतं. पण डोळ्यांवर टोपी आलेल्या पोराला ते कोण सांगत बसतं.

गेलोच नसतो तर? तीही सोय नव्हती. त्या घरचा पहिला टिळा मुलाचा. मुलगा परदेशी, म्हणून तो मितचा, म्हणजे माझा. आमच्या तिघांतला पिमे जीप चालवतो, त्याच्याबरोबर मितआमाने निरोप धाडला होता, मित येईपर्यंत मी टिळ्याच्या ताटाला हात लावणार नाही, मग दही आंबलं तरी चालेल. दोन वर्षं त्या घरात दशैं झाला नव्हता. आधी मितआमाचा सासरा गेला, वर्षभर टिळा नाही, लाल कपडा नाही. ते वर्ष संपतं न संपतं तोच मितबा गेले, आणि पुन्हा तेच. मितची बायको दीपसरा नवी नवरी म्हणून त्या घरात आली आणि आल्यापासून तिने एकही सण बघितला नव्हता. लग्नातला लाल शालू पेटीत घडी घालून पडला होता. बापाचं वर्ष सरलं तसा मित अरबात निघाला. जाताना म्हणाला, "या दशैंला आमाचं ताट तू सांभाळ. मी फोनवरून कपाळ दाखवीन."

आम्ही दीपसराला सांगितलं होतं की त्याचा फोन कामावर पाण्यात पडला. हे खोटं लेखनाथचं. लेखनाथ बाहुन, म्हणजे ब्राह्मण, शाळेत मास्तर, खोटं बोलताना त्याचा आवाज शिकवण्याचा असतो, त्यामुळे लोकांना ते खरं वाटतं.

पिमेने जीप नदीपर्यंत आणली. पुढे रस्ता नाही. झुलता पूल ओलांडायचा, मग चढ, वाटेत आरुबोट आणि लामीडाँडा ही दोन गावं, आणि त्याच्या वर काउलेबास, मितचं गाव. एरवी आम्ही चौघं ही वाट चढायचो आणि वाटेतल्या प्रत्येक नातेवाइकाच्या घरी टिळा घ्यायचो. वर पोहोचेपर्यंत कपाळावर दही-तांदळाचा थर इतका जाड व्हायचा की भुवया उचलल्या की तुकडे पडायचे. मित ते तुकडे उचलून खायचा. लहानपणी खायचा आणि मोठेपणीही खायचा.

आरुबोटमध्ये पिमेची सानिमा, त्याची मावशी, टिळ्याचं ताट घेऊन दारातच उभी होती. पिमेला लावला, लेखनाथला लावला, मग लाल चिमूट घेऊन माझ्याकडे वळली. मी मागे सरलो.

"हा का रे पळतोय? कपाळ भाड्याने दिलंय का कोणाला?"

"नवस आहे त्याचा, सानिमा," लेखनाथ म्हणाला. "पहिला टिळा मितआमाच्या हातचा."

"अस्सं. आणि आमच्या हाताला काय किडे पडलेत?"

"तुमचा परत येताना घेतो की," मी म्हणालो.

"परत येताना बोकड संपलेला असेल, मग बस हाडं चघळत." तिने मला बसवलं आणि पानभर मटण वाढलं. पोट बिघडलंय म्हणून मी नुसते कोरडे पोहे आणि केळं खाल्लं. माझं मटण लेखनाथने ओढून घेतलं आणि वर सानिमाला म्हणाला, "नवसाला पोटही सामील झालंय." सगळी बायकामंडळी हसली. मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

गावाबाहेर पडल्यावर मी त्याला म्हणालो, "तुला बरं सुचतं रे हसायला."

तो पाठ फिरवून चालू लागला. थोडं पुढे धारेवर पाणी प्यायला म्हणून वाकला आणि तसाच वाकून राहिला. पाणी त्याच्या डोक्यावरून वाहत होतं, कपाळाचा लाल रंग नाकावर उतरला होता. पिमेने त्याला खांद्याला धरून उठवलं. "पंडित, टिळा धुतलास की रे," पिमे म्हणाला, आणि स्वतःच्या कपाळावरचा थोडा ओला रंग काढून त्याच्या कपाळाला चिकटवला.

लामीडाँड्याच्या चढावर आमचं भांडण झालं.

"शास्त्राने बघ," लेखनाथ म्हणाला. "सुतक मेल्यापासून नाही, ऐकल्यापासून लागतं. मितआमाने ऐकलेलं नाही. तिचा हात शुद्ध, तिचं ताट शुद्ध. ऐकलंयस तू. त्यामुळे जे काय पाप असेल ते तुझं, तिचं नाही."

"वा. फार सोपं केलंस माझं."

"मी सोपं करत नाहीये. विचारलंस म्हणून सांगतोय."

"मी कुठे विचारलं?"

"गप बसा दोघं," पिमे म्हणाला. तो कमी बोलतो, गाडी चालवताना तर बोलतच नाही. "कपाळ तुझं आहे, पण दिवस तिचा आहे. घेऊन टाक."

मला दोघांनाही काही समजावता येईना. मी टिळा घेतला तर माझा मित मेलाच नाही असं होणार होतं. नाही घेतला तर तो त्याच्या आईच्या डोळ्यांदेखत मरणार होता. एरवी तो असता तर त्याने यातून काहीतरी वाट काढली असती. तो असताना मला कधी कशाचा निर्णय घ्यावा लागला नव्हता.

एक गोष्ट मी त्या दोघांनाही सांगितली नव्हती. पोट बिघडलेलं नव्हतं. फोन आला त्या संध्याकाळी घरी भाजी पानात पडली आणि माझा हात पुढे जाईना. तेव्हापासून मी मीठ तोंडात घातलं नव्हतं. कपाळाचं खोटं मी करू शकत होतो, ते वरचं आहे, धुतलं की जातं. जिभेचं मला जमत नव्हतं. मितसाठी माझ्याजवळ तेवढंच होतं.

काउलेबासच्या वेशीवर वेळूचा पिंग उभा होता, चार वेळू रोवून वर बांधलेला उंच झोका. दरवर्षी तो आम्ही दोघं बांधायचो. या वर्षी गावातल्या म्हाताऱ्यांनी बांधला होता, कारण तरुण माणूस गावात उरलेला नाही. झोका एका बाजूला कलला होता आणि त्यावर कोणी बसलं नव्हतं.

मितआमा अंगणाच्या कडेला उभी होती. लाल चोळी, कमरेला लाल पटका, मागे घराचं शेण-मातीने नुकतंच सारवलेलं जोतं. तिला लाल रंगात मी किती दिवसांनी बघत होतो. विधवा बाई नवऱ्यामागे लाल नेसत नाही आमच्याकडे, पण चोळी-पटका तिने मुद्दाम चढवला होता, सणाचा म्हणून, आणि कोणी काही बोललं तर बोलू दे असा तिचा चेहरा होता.

"आलात? मला वाटलं पुलावरून वाहून गेलात."

"पंडित वाटेत खात बसला, आमा," पिमे म्हणाला.

"तो खातोच. आणि तू का वाळलास रे?" हे मला. "बायको जेवायला घालत नाही का?"

"घालते की."

"मग तोंड असं का? दशैंला आलायस की तेराव्याला?"

ती नेहमीच असं बोलते. तरी लेखनाथ पटकन मागे वळून डोंगर बघायला लागला.

दाराआडून दीपसराने आम्हाला हात जोडले. मितची बायको माझ्यासमोर येत नाही, मी तिच्याकडे बघत नाही, तिची सावलीही अंगावर घेत नाही, अशी रीत आहे. त्या दिवशी या रीतीचे मी मनापासून आभार मानले. तरी शालूचा लाल पदर दिसलाच. बांगड्याही वाजत होत्या, हातभर असाव्यात.

"मितज्यू, त्यांचा फोन झाला का दुरुस्त?" तिने आतूनच विचारलं.

"पाण्यात पडलेला फोन वाळायला वेळ लागतो," लेखनाथ मास्तरी आवाजात म्हणाला.

"पौर्णिमेपर्यंत वाळेल?"

"वाळेल," तो म्हणाला.

मितआमाने मला ओसरीवर पूर्वेकडे तोंड करून बसवलं. ताटात लाल अक्षत, दही, दिवा, आणि अंधाऱ्या कोपऱ्यात वाढवलेला पिवळाजर्द जमरा, जवाचे अंकुर. जमरा यंदा वीतभरापेक्षा उंच आला होता. "बघ," ती म्हणाली, "दोन वर्षं पेरला नव्हता ना, मातीने सगळं एकदम दिलं." तिने बोटांनी दही-तांदूळ मळून घेतले आणि माझ्या कपाळावर दाबले. गार लागले. मी डोळे मिटले. अश्वत्थाम्याचं आयुष्य मिळो, रामासारखी कीर्ती मिळो, ती आशीर्वाद पुटपुटत होती आणि प्रत्येक आशीर्वादाबरोबर आणखी तांदूळ चिकटवत होती. कानामागे जमरा खोचला.

मला वाटलं, झालं. पार पडलं.

मग तिने दुसरी चिमूट घेतली. "आता खग्याचा."

खगेंद्र. तिने नाव घेतलं तसा मी डोळे उघडले.

"तो नाही तर तूच घे त्याचा पण. एका ग्रहाचे आहात. तुझ्या कपाळाला लावला की त्याला पोचतो." आणि तिने तोच आशीर्वाद पुन्हा म्हटला, सावकाश, एकही शब्द न गाळता. शंभर वर्षं जग. सुखरूप घरी ये. तिचा अंगठा माझ्या कपाळावर होता. मी खाली बघत राहिलो आणि दात इतके आवळले की कान दुखायला लागले. मितच्या जागी बसून मी त्याचं शंभर वर्षांचं आयुष्य घेत होतो. याहून वाईट काही माझ्या हातून कधी घडेल असं मला वाटत नाही.

पिमे आणि लेखनाथचे टिळे झाले. ताटं वाढली. आमची तिघांची ओसरीवर, मितआमाचं ताट आमच्यासमोर, कारण आम्ही जेवलो की नाही हे तिला स्वतः बघायचं असतं.

"मटण घे."

"पोट बिघडलंय, आमा."

"मग रस्सा घे, पातळ आहे."

"नको."

"बटाट्याचं घे. तिखट नाही."

"नको, पोहे-दही बास."

"मुळ्याचं लोणचं? तुझ्यासाठी घातलंय, तुला आवडतं म्हणून."

"नको, आमा."

लेखनाथने तोंड उघडलं. "काल रात्री जरा जास्त झाली याला," तो म्हणाला. पिमे हसला. मितआमा हसली नाही. तिने माझ्या ताटाकडे बघितलं. पोहे, साधं दही, केळं. मग ती पिमेला म्हणाली, "तो पिंग बघा रे जरा, म्हाताऱ्यांनी वाकडा बांधलाय. दोऱ्या आवळून या. दशैंला एकदा तरी जमिनीवरून पाय उचलायला हवेत पोरींना." ते दोघं हात धुऊन उठले. मग तिने आत हाक मारली, "सूनबाई, धारेवरचं ताजं पाणी आण ग. हे कोमट झालंय."

घागर घेऊन दीपसरा गेली. बांगड्यांचा आवाज वाटेवर लांब जाईपर्यंत मितआमा थांबली. मग म्हणाली, "दह्यात मीठ घालू?"

"नको."

"साखर?"

"चालेल."

साखर चालेल म्हणालो आणि माझं मलाच कळलं. पोट बिघडलेला माणूस आधी मीठ मागतो. तिने दोन वर्षांत दोनदा आळणी जेवण रांधलं होतं, वाढलं होतं, समोर बसून मुलाला खायला लावलं होतं. मीठ सोडलेल्या माणसाचं ताट तिला लांबूनही ओळखू आलं असतं. आम्ही फोन लपवला, कपाळ रंगवलं, पोटाचं निमित्त केलं, आणि तिच्याच समोर मी सुतकाच्या ताटावर बसलो होतो.

"मितआमा," मी म्हणालो.

तिने हात वर केला. "बोलू नकोस."

"मामा म्हणाले..."

"तो काय म्हणाला ते नको मला. ऐकल्यापासून लागतं ना? मी ऐकलेलं नाही काही. तू काही सांगितलेलं नाहीस." तिने श्वास घेतला. "कधी, असं विचारलं तर तू सांगशील. म्हणून विचारत नाही."

मी रडायला लागलो. तिने माझ्याकडे बघितलं नाही, वाटेकडे बघत होती.

"डोळे पूस. ती येईल. मुकाट्याने पूस, टिळा हलवू नकोस." मग हळू आवाजात, स्वतःशीच बोलावं तशी, "लग्नाचा शालू आज पहिल्यांदा नेसलीये. सकाळपासून चार वेळा सोडला आणि चार वेळा नेसली, निऱ्या बसेनात म्हणून. आरशात बघत होती. पौर्णिमेपर्यंत दशैं आहे. तेवढे दिवस तिचे आहेत. मग तर आहेच."

वाटेवर बांगड्या वाजल्या. मितआमा उठली, चुलीमागच्या कोनाड्यातला मिठाचा लाकडी डबा घेऊन आली. दीपसरा घागर घेऊन अंगणात शिरली तेव्हा ती माझ्या ताटावर वाकली होती. चिमूटभर मीठ तिने माझ्या दह्यावर टाकलं. मग दुसरी चिमूट घेतली आणि आपल्या ताटातल्या भातावर टाकली. त्या भाताबरोबर रस्सा होता, त्यात मीठ होतंच.

"आमा, मीठ कमी झालं का?" दीपसराने दाराआडून काळजीने विचारलं. स्वयंपाक तिचा होता.

"हो ग," मितआमा म्हणाली. "जरासं. तुझा दोष नाही, माझ्याच तोंडाला चव नाही आज."

आणि तिने घास उचलला. मोठा घास, मीठ दिसत होतं त्यात. आई मुलाच्या सुतकात मीठ खात होती, सगळं माहीत असताना, सुनेला दिसावं म्हणून दाराकडे तोंड करून. चावायला तिला फार वेळ लागला. गिळताना मानेची शीर वर आली. मग तिने दुसरा उचलला. "खा की रे," मला म्हणाली, "की मी भरवू?"

मी मीठ खाल्लं. मितसाठी माझ्याजवळ तेवढंच होतं, तेही तिने मागून घेतलं आणि मी दिलं.

पिमे आणि लेखनाथ परतले. पिंग सरळ झाला होता. मितआमाने दीपसराला पिंगावर पाठवलं, शेजारच्या पोरी हाका मारत होत्या. लाल शालू वर जाताना आणि खाली येताना ओसरीवरून दिसत होता. ती हसत होती बहुधा, आवाज पोरींचा होता की तिचा ते कळलं नाही.

निघताना मितआमा अंगणाच्या कडेपर्यंत आली. कानामागचा जमरा सरळ केला. मोठ्याने म्हणाली, "पंडिताला वाटेत बांधून न्या, नाहीतर रात्र होईल." पिमे आणि लेखनाथ हसत पायऱ्या उतरले.

मग मला म्हणाली, "पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ये. तेव्हा सांग, काय सांगायचं ते. मी ऐकेन."

मी मान हलवली.

"आणि येताना बाजारातून पांढरं कापड घेऊन ये. माझं आहे, जुनं चालेल मला. तिच्या मापाचं नाही घरात."